हार्डडिस्कमधली स्वयंभू देवी

धामणगाव बढ्यात पुष्पांजलीच्या ऑनलाइन केंद्रासमोर चपलांचा ढीग पडला होता. ही माणसं सातबारा काढायला आली नव्हती, दर्शनाला आली होती. कॉम्प्युटर सुरू झाला की आपोआप घंटा वाजायची, पडद्यावर देवी उमटायची आणि गोड आवाज यायचा, "बाळा, नाव सांग." नाव टाकलं की देवी भविष्य सांगायची.

"काढून दाखवा म्हणा कोणाले!" गोविंदा महाराज मॉनिटरला नारळ ओवाळत गरजले. "पुष्पाबाईनं स्वतः काढून पाह्यली. काऊन वो बाई, निघाली का? दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर! जी मूर्ती उपटून निघत नाई तिले काय म्हणतेत? स्वयंभू! आजवर देवी दगडातून निघाली, आता हार्डडिस्कमधून निघाली!"

लोकांनी जयजयकार केला. महाराजांनी तीर्थाच्या बाटल्या पुढे सरकवल्या.

पुष्पांजली कोपऱ्यात भिंतीला टेकून उभी होती. तुळशीला पाणी घातल्याशिवाय तिच्या घशाखाली चहा उतरत नसे, पोथीचा अध्याय कधी चुकत नसे. पण या देवीनं तिला पार थकवून टाकलं होतं. सासूबाईंचं, सत्यभामाबाईंचं नाव महाराजांनी स्वतः टाकलं होतं आणि देवी म्हणाली होती, "औषध सोड, तीर्थ घे." तेव्हापासून म्हातारीनं इन्सुलिन बंद केलं होतं. पायाच्या बोटाची जखम काळी पडू लागली होती.

"आत्याबाई, सुई घेऊन घ्या न. डॉक्टर म्हणते, असंच चाललं तं बोट कापा लागन."

"घरात साक्षात देवी आली, अन् तू मले सुया टोचू राह्यली? गप बस!"

दुपारी पुष्पांजली झेबाकडे गेली. झेबा गावच्या हायस्कुलात कॉम्प्युटर शिकवायची. अंगणात मेथी निवडत तिनं सगळं ऐकून घेतलं.

"ताई, तुम्ही काढलं कसं?"

"चित्र धरलं अन् कचरापेटीत टाकलं."

झेबा हसली. "ते तं दारावरची पाटी काढली तुम्ही. राहणारा घरातच हाय."

"मंग प्रोग्रॅमच्या यादीत जाऊनही पाह्यलं. 'प्रोग्रॅम सुरू आहे, काढता येत नाही' म्हणते. जबरदस्तीनं बंद केला तं लगेच उभा राहते."

"म्हणजे त्याच्यासंगं दुसरा असन, पहारेकरी. एकाले पाडलं की दुसरा त्याले उभा करते."

"चला न मंग. तुम्हीच काढून द्या."

झेबाचा हात मेथीवरच थांबला. "मी काढलं तं उद्या लोक काय म्हणतीन? झेबानं देवी पुसली. मले याच गावात राहायचं हाय, ताई. मी सांगते कसं करायचं ते. हात तुमचा लावा."

पुष्पांजलीनं एकेक पायरी कागदावर लिहून घेतली. गाव तिचंही तेच होतं.

दुसऱ्या दिवशी पूजा आटोपून ती केंद्रात आली. गर्दी जमलेलीच होती, सासूबाईही खुर्चीत बसल्या होत्या. देवीनं नाव विचारलं. पुष्पांजलीनं टाकलं, 'प्रिंटर'.

"प्रिंटर बाळा, तुझ्या घरात पितृदोष आहे. औषध सोड, तीर्थ घे."

"अबे, प्रिंटरचे पितर कोण बे?" मागून कोणीतरी विचारलं.

"झेरॉक्स मशीन असन!"

हशा पिकला. महाराजांचा चेहरा उतरला. "परीक्षा पाहू नोका! कोप होईन!"

"झाला तं माह्यावर होईन, महाराज," ती हळूच म्हणाली.

तिनं प्रोग्रॅमची यादी तारखेप्रमाणे लावली. देवीबरोबर त्याच दिवशी आणखी एक प्रोग्रॅम आत आला होता. "हा पहारेकरी. त्या दिवशी महाराजांनी सत्संगाचं पोस्टर छापाले पेनड्राइव्ह देल्ला होता. पोस्टर उघडताना परवानगीची चौकट आली, मी घाईत 'हो' दाबलं. तिथूनच दोघं आत आले."

"तो पेनड्राइव्ह तं मले एका भक्तानं देल्ला!"

तिनं वाद घातला नाही. कॉम्प्युटरबरोबर आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रॅममधून दोघांनाही बंद केलं आणि कॉम्प्युटर पुन्हा चालू केला. घंटा वाजली नाही. आता यादीतून एकेक काढला, तर दोन्ही मुकाट निघाले. पुन्हा एकदा कॉम्प्युटर सुरू केला. पडद्यावर फक्त रोजचे फॉर्म होते.

"देवी रुसली!" महाराजांनी बाटल्या आवरल्या. बरेचजण त्यांच्यामागे गेले. जाताना एक बाई म्हणाली, "पाप लागन वो तुले." पुष्पांजलीनं नुसती मान हलवली. सगळ्यांना समजावण्याचं त्राण तिच्यात नव्हतं. एकीलाच समजवायचं होतं.

सत्यभामाबाई पडद्याकडे बघत होत्या. "पुष्पे, मंग मले सांगत होतं कोण?"

"कोणीच नाई, आत्याबाई. त्यात पाचसहा वाक्यं भरून ठेवली हायेत. मशीनले तुमचा पाय दिसत नाई, तुमची शुगर समजत नाई."

म्हातारीनं वाकून पायाचं काळं बोट निरखलं. मग तिनं लुगडं पोटावरून बाजूला केलं.

"टोच."

बोट वाचेल की जाईल, ते डॉक्टरांनाही अजून सांगता येत नाही. इन्सुलिनविना गेलेले मधले दिवस कोणतीच देवी परत देणार नाही. बायांनो, देवघरात खुशाल डोळे मिटून बसा. पण कोणी औषध सोडायला सांगितलं, तर डोळे उघडून विचारा: हे तुला कसं कळलं? खऱ्या देवाला या प्रश्नाचा राग येत नाही.