रुसलेली पाळी

हॉल खच्चून भरला होता. पुरुषांना आत येऊ देत नव्हते, त्यामुळे बायका मोकळेपणाने बोलत होत्या. व्यासपीठावर माई, आणि शेजारच्या खुर्चीत मी, चमत्कार म्हणून बसलेली.

"पाळी जात नाही, बायांनो, रुसते," माई माइकवरून लाडीगोडीने सांगत होत्या. "डॉक्टर म्हणतात, वय झालं. मी म्हणते, रुसवा काढा."

रुसवा काढायची पुडी बाहेर टेबलावर मिळत होती. सकाळ-संध्याकाळ चिमूटभर, कोमट पाण्यातून. पाळी परत आली की मागोमाग तारुण्य येणार. केस काळे, सांधे हलके, नवरा वेळेवर घरी. यावर चांगलाच हशा पिकला.

मी शिवणकारखान्यात शर्टांना कॉलर लावते. आमच्याकडे पाळी म्हटलं की आधी विचारतात, पहिली की दुसरी. दीड वर्षापूर्वी माझी बंद झाली तेव्हा मी म्हटलं, सुटले एकदाची. पण झोप उडाली, अंगातून वाफा निघायला लागल्या, आणि हळूहळू कशाचंच काही वाटेनासं झालं. लेकीला नोकरी लागली तेव्हाही मी "बरं" म्हणून भांडी घासत राहिले. शेजारच्या मशीनवर माझी धाकटी जाऊ बसते. तिचीही पाळी चार महिने आली नव्हती. मी दोघींसाठी पुड्या आणल्या. महिन्याभरात दोघींनाही आली! माझं मग थांबेचना, थोडं थोडं जातच राहिलं. माई म्हणाल्या, साठलेला रुसवा निघतोय, डॉक्टरला दाखवलंत तर गुण जाईल. पुढच्या सभेत वर बसून अनुभव सांगा, असंही म्हणाल्या. मी मान डोलावली. घाबरायला हवं होतं, पण तेवढंही जमलं नाही.

मग एकदा जावेच्या कपाटात सुईदोरा शोधताना तिच्या पुड्या सापडल्या. एकही फोडलेली नव्हती.

"अहो ताई, तुमचं मन मोडायला नको म्हणून ठेवून घेतल्या," ती म्हणाली. "ती खडूची भुकटी कोण खाणार?"

मग हिला आली कशी? तेवढ्यापुरतं माझं डोकं चाललं. तिचं माझ्या आधी चाललं असावं, कारण दुसऱ्याच दिवशी तिने मला ओढत डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाई म्हणाल्या, कायमची जायच्या आधी पाळी अशीच लहरीपणा करते. चार-चार महिने गायब, मग आपली आपण हजर. जावेचं तेच झालं होतं.

"पण तुमचं तसं नाही," बाई मला म्हणाल्या. "पूर्ण वर्ष बंद राहून पुन्हा रक्त दिसलं, थेंबभर का होईना, तर ती पाळी नव्हे. तपासायलाच हवं."

गर्भाशयातला बारीक तुकडा तपासायला गेला. सभेच्या आदल्या दिवशी रिपोर्ट आला. कर्करोग, पण अगदी सुरुवातीचा. ऑपरेशनने बरं होण्यासारखा. मी "बरं" म्हटलं. जाऊ मात्र रडली.

आता माईंनी माइक माझ्या हातात दिला आणि अनुभव सांगायला लावलं.

"पुडी घेऊनही ज्यांची आली नाही, त्यांनी हात वर करा," मी म्हटलं.

आधी कुणी हलेना. मग मागून एक हात आला, आणि बघता बघता निम्मा हॉल. माई हसत म्हणाल्या, श्रद्धा कमी पडली असेल. तशी खाली बायकांत बसलेली जाऊ खुर्चीवरून उठली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, मी पुडी उघडलीसुद्धा नाही, तरी माझी आली.

"जिची आपोआप येते, तिला माई वर बसवतात," मी म्हटलं. "जिची येत नाही, ती गप्प बसते. चमत्कार एवढाच. आणि माझी आली ती पाळी नव्हतीच, कर्करोग होता. वर्षभर बंद राहून पुन्हा रक्त दिसलं, तर पुडी शोधू नका, दवाखान्यात जा."

व्यासपीठावरच्या माईंच्या एका सेविकेने माइक हिसकावला. कुणी मला शिव्या दिल्या, कुणी पैसे परत मागायला टेबलाकडे धावलं. मी पायऱ्या उतरून दाराशी आले, तर पुड्या विकणारी बाईच माझ्यामागे आली. केस पांढरे झालेले. माझी पाळी जाऊन सहा वर्षं झाली, म्हणाली, आणि दोन महिन्यांपासून पुन्हा जातंय. मी तर रोज पुडी घेते.

"भीती वाटते हो," ती म्हणाली.

"वाटू दे," मी म्हटलं. "उद्या सकाळी माझ्याबरोबर चला."