चिमूटभर मेण

मित्रांनो, मी एक जुनी कढई आहे, पण स्वयंपाकघराशी माझा काडीचाही संबंध नाही. मी तिरपी बसते, विजेवर गरगर फिरते आणि पोटात टाकलेल्या गोळ्यांवर लेप चढवते. न गंजणाऱ्या पोलादातून मला घडवलं. औषधांच्या कारखान्यात वीस वर्षं मी मिस्त्रीकाकांच्या हाताखाली होते. शेवटी चिमूटभर मेण टाकून ते गोळ्या अशा चमकवत की बघणारा खूश! मग नवी यंत्रं आली, काका निवृत्त झाले आणि मी अडगळीत पडले. चार वर्षं कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

तिथून मला काकांच्या पुतणीनं उचललं. ती एका संशोधन संस्थेत मातीची अभ्यासक. चुनखडीच्या जमिनीत लोहाचं खत टाकलं, तरी माती ते लगेच घट्ट धरून बसते. रोपं उपाशी राहतात, कोवळी पानं पिवळी पडतात. म्हणून तिला लोहाचे असे दाणे हवे होते, जे हळूहळू विरघळतील आणि रोपाला रोज थोडं थोडं देतील. त्यासाठी दाण्यांवर लेप चढवायचा होता. त्या कामाला काका आणि मी! माझ्या अंगात काय वारं शिरलं म्हणून सांगू!

पण तीन खेपा फसल्या, कुंड्यांतली रोपं पिवळीच राहिली. चौथीही फसली तर प्रयोगाची खोली रिकामी करा, असं संस्थेनं बजावलं. पुतणीचा चेहराच उतरला. तिनं काही दाणे पेलाभर पाण्यात टाकून ठेवले. आठ दिवसांनी पाहिलं, तर जसेच्या तसे.

"काका, शेवटी तुम्ही काय टाकता?"

"मेण, चिमूटभर. त्याशिवाय गोळी बाहेर कशी पाठवायची? लोक नावं ठेवतील."

"अहो काका, ही कोण बघणार? मातीत पुरायचीय ती. मेणातून पाणी आत जाणार कसं?"

काकांनी ओशाळून मेणाचा डबा बाजूला सारला. लाज मलाही वाटली, कारण माझ्या पत्र्यावर जुन्या मेणाचा थर तसाच होता. दुसऱ्या दिवशी काकांनी मला कढत पाण्यानं घासघासून काढलं. चौथी खेप मळकट, खरबरीत निघाली. ती कुंड्यांत घालताना काकांच्या जिवावर आलं होतं.

सतराव्या दिवशी काका कुंडीपाशी ओणवे झाले आणि तसेच थांबले.

"अगं, इकडे ये. शेंड्याचं पान बघ."

नवं पान हिरवंगार होतं. पुतणी हसता हसता रडायला लागली. खोली वाचली!

मित्रांनो, जुन्या वस्तू टाकू नका, खुशाल कामाला लावा. पण त्याआधी आमच्या जुन्या सवयी नीट घासून काढा. आमच्या आम्हांला ते जमत नाही.