माझ्या पोटातला तांदळाचा दाणा

मित्रांनो, माझं वय चाळीस. रायफलीसाठी हे काही मरायचं वय नव्हे. माझ्या जातीच्या कितीतरी जणी शंभरी ओलांडूनही ठणठणीत आहेत. तरीही येत्या महिन्यात मला वितळवायला नेणार आहेत, म्हणून माझी कहाणी आजच सांगून टाकते.

माझा जन्म ब्राझीलमधल्या एका कारखान्यातला. गडद लाकडाचा दस्ता, काळीभोर नळी आणि चापाभोवती एक लोखंडी कडी. या कडीला लिव्हर म्हणतात. ती खाली ओढली की रिकामं काडतूस बाहेर उडतं आणि नवं काडतूस आतल्या छोट्या पाळण्यावर येऊन बसतं. कडी वर घेतली की पाळणा उचलला जातो आणि काडतूस नळीत शिरतं. बस्स, एवढंच माझं शास्त्र. पण तेवढंही काही विद्वानांना झेपत नाही.

मी सिंगापूरला एका नेमबाजी क्लबच्या शस्त्रागारात आले. इथे बंदूक कुणी घरी नेत नाही. आम्ही सगळ्या कुलपात राहतो आणि कोह अंकल नावाचे म्हातारे गृहस्थ आम्हाला सांभाळतात. वर्षातून दोन-तीनदा काउबॉय स्पर्धा होते. तेव्हाचा थाट काय सांगू! बँकांतली आणि कॉम्प्युटरवाली माणसं रुंद टोप्या घालून, गळ्यात रुमाल बांधून एसीत उभी राहतात आणि एकमेकांना 'शेरीफ' म्हणतात. घोडा यांनी लहानपणी सर्कशीत पाहिलेला असतो, तोही आईचा हात धरून. पण मी कधी तोंड वाकडं केलं नाही. दहा काडतुसं मी सरसर पुढे सरकवायची, समोरच्या लोखंडी पाट्या टणटण वाजायच्या आणि कोह अंकल आपल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणायचे, "धिस वन नेव्हर गिव्ह प्रॉब्लेम, लाह!" तीस वर्षं मी हे वाक्य ऐकलं, आणि दर वेळी मला सुख झालं.

मग प्रबोध आला. मूळचा पुण्याचा, राहायला इथल्या टॅम्पिनीस वस्तीत, नोकरी एका बँकेत आयटी मॅनेजरची. चार व्हिडिओ पाहून तो शस्त्रांतला जाणकार झाला होता. क्लबने त्याला देखभाल समितीवर घेतलं आणि माझे ग्रह फिरले.

खंडेनवमीच्या दिवशी तो स्टीलची डबी घेऊन आला. "अंकल, आमच्याकडे आज शस्त्रांची पूजा असते. पाचच मिनिटं," तो म्हणाला. कोह अंकलच्या खोलीत लाल देव्हाऱ्यात त्यांचा गुआन गाँग बसलेला असतो, त्यामुळे देवाच्या कामाला ते आडकाठी करत नाहीत. "प्रे कॅन," ते म्हणाले, "बट आफ्टर दॅट वाइप, ओके?" प्रबोधने मला हळद-कुंकू लावलं आणि मूठभर अक्षता उधळल्या. क्लबच्या नियमाप्रमाणे माझी कडी उघडी ठेवलेली होती. त्याने सात फोटो काढले, ते सगळ्या ग्रुपवर टाकले आणि तो निघून गेला. पुसायचं राहिलंच. एक दाणा वरून आत घरंगळला आणि पाळण्याखाली जाऊन बसला.

पुढच्याच आठवड्यात मी अडले. पाळण्याखाली दाणा, म्हणून पाळणा पुरता खाली बसेना, आणि काडतुसाचं नाक वर आपटून तिरपं व्हायचं. कधी दाणा सरकला की मी पुन्हा सुरळीत चालायची. दोनदा चालायचं आणि तिसऱ्यांदा अडायचं, असा खेळ सुरू झाला.

आता खरा तमाशा पाहा. मला उघडून आत बघायचं, की झालं. पण उघडायचं कुणी? हात काळे होतात ना! प्रबोधने काडतुसांची लांबी मोजली. लांब, आखूड, बोथट, सगळ्या तऱ्हेची काडतुसं आणून पाहिली. स्प्रिंग बदलली. मग चाळीस स्लाइड्सचं सादरीकरण केलं, त्यात माझ्या पोटाचे रंगीत बाण मारलेले नकाशे होते. त्या चाळीस स्लाइड्समध्ये तांदूळ कुठेच नव्हता. कोह अंकल दर वेळी म्हणायचे, "क्लीन फर्स्ट, लाह. ओपन, क्लीन." त्यावर हा शहाणा हसायचा. "अंकल, क्लीनिंगने फीडिंग सुधारत नसतं. हा डिझाइनचा प्रॉब्लेम आहे." शंभरी ओलांडलेलं माझं डिझाइन, आणि याने ते एका शनिवारात नापास केलं!

शेवटी अध्यक्षबाईंनी निर्वाणीचं सांगितलं. चिनी नववर्षाच्या आधीच्या स्पर्धेत ही रायफल पुन्हा अडली, तर तिला मोडीत काढायचं. ते ऐकून मी हादरले. प्रबोधही घाबरला, पण माझ्यासाठी नव्हे, आपल्या चाळीस स्लाइड्ससाठी. पुढच्या शनिवारी कोह अंकल दुसऱ्या टेबलावर कुणाची नळी साफ करत होते. ती संधी साधून याने खिशातून बारीक कानस काढली आणि वरच्या फटीतून पाळण्याची कड घासली. दाण्यापासून कानस बोटभर अंतरावर होती. मित्रांनो, मला ओरडता आलं असतं तर अख्खं शस्त्रागार जागं झालं असतं.

स्पर्धेच्या दिवशी प्रबोधची बायको वल्लरीही आली होती. तिसऱ्या गोळीला मी अडले. कोह अंकलनी कुणाला न विचारता मला टेबलावर घेतलं, स्क्रू काढले आणि पांढऱ्या फडक्यावर उलटं केलं. टप्पकन दाणा पडला.

"वॉट इज धिस? राइस, आह?" अंकल चष्मा वर करून बघू लागले.

वल्लरी पुढे वाकली. "अगं बाई! ही अक्षत आहे. कुंकू लागलंय बघ अजून. डबी मीच भरून दिली होती तुला!"

प्रबोधने दाणा चटकन खिशात टाकला. अंकल हसत मला जोडायला लागले. मलाही वाटलं, चला, वाचले! त्यांनी काडतूस भरून कडी ओढली. काडतूस पाळण्यावरून घसरलं. पुन्हा ओढली, पुन्हा घसरलं. कडच उरली नव्हती, ते थांबणार कशावर? अंकलनी पाळण्यावर बोट फिरवलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "एज ऑल गॉन. धिस पार्ट नो मोर मेकिंग. कॅनॉट ऑलरेडी." म्हणजे हा भाग आता कुठेच बनत नाही, माझा कारभार आटोपला.

वल्लरीने नवऱ्याला बाजूला घेतलं. "तू काही केलंस का?"

"थोडी कानस मारली. सुधारेल असं वाटलं."

"विचारून?"

त्याने डोक्यावरची टोपी काढली. तिने कपाळावर हात मारून घेतला. "आपला कायम रहिवासाचा, पीआरचा अर्ज आत आहे, प्रबोध. परवानगीशिवाय बंदुकीला कानस लावली, असं कागदावर आलं तर? वयामुळे झिजली म्हण आणि चल. रायफल थोडीच सांगायला येणारे?"

तेवढ्यात अध्यक्षबाई फॉर्म घेऊन आल्या. "वयामुळे झीज झाली असणार. राइट?"

प्रबोधने माझ्याकडे पाहिलं. एक शब्द पुरला असता. त्या शब्दाने माझा जीव वाचला नसता, माझी अब्रू तेवढी वाचली असती.

"येस," तो म्हणाला. "व्हेरी ओल्ड." आणि टोपी डोक्यावर ठेवून तो जेवायला गेला.

मित्रांनो, माझं म्हणणं फार नाही. तुमची पूजा नको, तुमच्या स्लाइड्स नकोत. वस्तू अडली, तर आधी उघडून बघा आणि पुसून घ्या. कानस शेवटी. आणि हातून मोडलीच, तर मोडली म्हणा, तिच्या वयावर ढकलू नका.

त्या दोघांना वाटलं, मी सांगायला येणार नाही. म्हणूनच आले.