सुरेशचं समन्स आणि उल्हासरावांचं पोट

उल्हासराव टेंभ्यांची पोटातली जळजळ सुरू झाली की त्या घराचं विजेचं बिल कमी यायचं. यात खोटं काही नाही. जळजळीची ऊब अंगातून अशी बाहेर पडायची की सुजातावहिनी ड्रायर बंद करून धुतलेले कपडे सोफ्यावर नवऱ्याच्या दोन्ही बाजूंना पसरून ठेवायच्या. रुमाल दहा मिनिटांत, टॉवेल वीस मिनिटांत. जीन्सच्या पँटी वाळवायच्या असल्या की मात्र सुरेश पाठारेचा विषय काढावा लागायचा.

हा सुरेश दोन वर्षांपूर्वी अमेरिकेतून आला आणि अबुधाबीतल्या मोहम्मद बिन झायद सिटीत त्यांच्याच कंपाउंडमध्ये, त्यांच्याच भिंतीला लागून राहायला लागला. चौदा वर्षं तिकडे काढून अमेरिकन पासपोर्ट घेऊन आलेला. नोकरी मुसफ्फाच्या औद्योगिक भागातल्या त्यांच्याच कंपनीत. उल्हासराव तिथे बावीस वर्षं ॲडमिनमध्ये, आणि हा आला तो थेट प्रोजेक्ट मॅनेजर म्हणून. वय एक्केचाळीस आणि पोट आत. शिवाय भेटला की आधी हसायचा. एवढं सगळं एका माणसात असल्यावर दुसऱ्यानं करायचं तरी काय?

पण एक गोष्ट सुरेशकडे नव्हती. कंपाउंडमधल्या अकरा मराठी घरांत गणपतीच्या आरास स्पर्धेचे परीक्षक एकोणीस वर्षं उल्हासराव होते. हातात पॅड, कानावर पेन्सिल, मागे पोरांची रांग, असे ते घरोघर फिरायचे. त्यांनी नाक मुरडलं की आदल्या दिवसापासून जागलेल्या बायका आरास उपटून पुन्हा मांडायच्या. त्या पाच दिवसांत त्यांच्या अंगात साक्षात धर्मराजा संचारायचा. बाकीचे तीनशेसाठ दिवस त्या पाच दिवसांच्या जोरावर निघायचे.

आता झालं असं, की अबुधाबीत पोस्टमन घरी येत नाही. पत्र येतं ते कंपनीच्या पोस्टबॉक्सात, आणि त्या बॉक्सची किल्ली ॲडमिनकडे, म्हणजे उल्हासरावांकडे. जुलैतल्या एका सकाळी त्यांनी बॉक्स उघडला तर वर सुरेशच्या नावाचं पाकीट. सुरेशच्या न्यू जर्सीतल्या बहिणीनं पुढे पाठवलेलं. पाकिटाच्या खिडकीतून सरकारी शिक्का दिसत होता आणि त्याखाली ठळक अक्षरांत शब्द: समन्स.

उल्हासरावांनी पाकीट उन्हात धरून पाहिलं. कोर्टाचं नाव दिसलं. बस्स. त्यांच्या पोटात, दोन वर्षांत पहिल्यांदा, थंडगार ताक उतरलं.

पाकीट त्यांनी सुरेशच्या टेबलावर प्रामाणिकपणे ठेवलं. पण सुरेश जेवणाहून येईपर्यंत त्यांचे नऊ फोन झाले होते. सगळे काळजीच्या सुरात. "कुणाला सांगू नका हं, पण आपल्या सुरेशला अमेरिकेच्या कोर्टाचं समन्स आलंय. काय केलं असेल बिचाऱ्यानं? चांगला दिसतो हो तसा."

संध्याकाळी सगळं कंपाउंड पाठाऱ्यांच्या हॉलमध्ये गोळा झालं. कुणी धीर द्यायला, कुणी नुसतं बघायला. उल्हासराव पुढच्या सोफ्यावर होते. सुजातावहिनींनी तर डब्यात साबुदाण्याची खिचडी आणली होती, जणू पाठाऱ्यांच्या घरी चूल पेटणारच नव्हती.

"अहो, हे समन्स म्हणजे तसं नाही," सुरेश हसून म्हणाला. "ज्युरी ड्यूटी. तिकडे खटल्याचा निकाल बारा साधी माणसं देतात. नागरिकांच्या यादीतून नावं निघतात, आणि निघालं की जावंच लागतं."

सगळ्यांची तोंडं उल्हासरावांकडे वळली.

"म्हणजे तू आरोपी नाहीस?" उल्हासरावांनी विचारलं. त्यांचा आवाज जरा जास्तच उतरला.

"नाही, दादा. मी न्याय देणाऱ्यांतला."

"न्यायाधीश!" मंडळाचा सेक्रेटरी विघ्नेश ओरडलाच. "अमेरिकेनं इथून बोलावून घेतलं! यल्ला, चला, पेढे आणा कुणीतरी."

मग प्रश्न सुरू झाले. तिथे काय होतं, काय घालायचं, जेवण कुणाचं? सुरेश सांगत होता तेवढं खरंच होतं. सकाळी आठला मोठ्या हॉलमध्ये शे-दीडशे माणसांबरोबर बसायचं. छातीवर चिकटपट्टी आणि नंबर. पुस्तक न्यायचं, कारण नुसतं बसण्यातच अर्धा दिवस जातो. भत्ता किरकोळ. "दिवसाला पंधरा डॉलर धरा, पंचावन्न दिरहम," सुरेश म्हणाला, आणि तीनचार तोंडांनी एकदम रुपये केले: "तेराशे! नुसतं बसायचे!" मग नाव पुकारलं की आत. वकील उलटसुलट विचारणार, आरोपीला ओळखता का, आधीच काही मत बनवलंय का. मत बनवलेलं असलं की घरी परत.

"म्हणजे यांना दारातूनच परत," सुजातावहिनी नवऱ्याकडे बघून म्हणाल्या.

"आणि बाराही जणांचं एकमत व्हावं लागतं. होईपर्यंत बंद खोली. मधे सँडविच देतात."

"बारा मराठी माणसं, बंद खोली आणि एकमत?" विघ्नेशचे वडील म्हणाले. "आरोपीला पेन्शन लागू होईल."

सगळे हसले. उल्हासराव हसले नाहीत. त्यांच्या मांडीवरच्या प्लेटमधला पेढा पातळ होऊन ओघळला होता.

त्या दिवसापासून सुरेशकडे रीघ लागली. कुणाच्या एसीचं पाणी कुणाच्या कुंडीत, कुणाच्या गाडीची सावली कुणी ढापली, सगळे तंटे सुरेशकडे. तो आपला "दोन्ही बाजू ऐकूया" म्हणायचा आणि लोक तेवढ्यावरच समाधानानं परत जायचे. उल्हासराव गॅलरीतून बघायचे. त्या आठवड्यात टेंभ्यांच्या फ्रिजमधलं दही दोनदा नासलं, आणि एसी दुरुस्त करणारा येऊन म्हणाला, "साब, मशीन में कुछ प्रॉब्लेम नहीं है. रूम में ही कुछ है."

शेवटी ऑगस्टच्या मीटिंगमध्ये विघ्नेशनं तोंड उघडलं. "यंदा आरास स्पर्धेला आपल्याकडे इंटरनॅशनल परीक्षक आहे, तर मला वाटतं..."

"मलाही बोलावणं आलंय," उल्हासराव म्हणाले.

हे वाक्य त्यांच्या तोंडातून कसं निघालं ते त्यांनाही कळलं नाही. जळजळीनंच ते वर ढकललं असणार.

"कसलं?"

"ज्युरीचं. इथल्या कोर्टाचं. गुप्त असतं, म्हणून बोललो नव्हतो. पुढच्या सोमवारपासून, आठवडाभर."

सुरेश चकित झाला. "इथे ज्युरी असते?"

"तुला येऊन दोनच वर्षं झाली, सुरेश," उल्हासराव मायेनं म्हणाले. "मला बावीस."

ठरलं असं, की सुरेशही त्याच आठवड्यात अमेरिकेला निघालाय, दोघं आपापली ड्यूटी करून येऊ देत, मग बघू.

घरी आल्यावर त्यांची मुलगी अनन्या फोनमधून मान वर न काढता म्हणाली, "बाबा, देअर इज नो ज्युरी इन द यूएई. आय चेक्ड."

"तुला शोरमा हवा का?"

"टू. विथ एक्स्ट्रा गार्लिक."

रविवारी सुरेशला निरोप दिला तो असा, की लग्नाला निघालेल्या नवरदेवालाही मिळाला नसता. औक्षण झालं, शाल झाली, नारळ झाला. सात घरांनी अमेरिकेहून आणायच्या वस्तूंची यादी दिली. मृणालिनी, म्हणजे सुरेशची बायको, पदरानं डोळे टिपत होती, आणि ते बघून उल्हासरावांना वाटलं, आपली बायको साधं मुसफ्फाला जाताना हातसुद्धा हलवत नाही.

सोमवारी सकाळी ते सुटाबुटात गाडीत बसले. सुजातावहिनींनी खिडकीतून हात हलवला. "नीट न्याय द्या. आणि येताना कोथिंबीर."

आता जायचं कुठे? अबुधाबीत कुठल्याही मॉलमध्ये बसलं तरी मंडळातलं कुणीतरी भेटणारच. म्हणून त्यांनी गाडी हाणली ती दीडशे किलोमीटर लांब, शारजा औद्योगिक क्षेत्रात. तिथे राहिलचं गॅरेज होतं, आणि गॅरेजवर माळ्यासारखं एक थंडगार ऑफिस. राहिल कंपनीच्या गाड्या दुरुस्त करायचा, म्हणून जुना ओळखीचा. जास्त विचारणार नाही.

राहिलनं खरंच काही विचारलं नाही. नुसता चमत्कारिक हसला आणि म्हणाला, "ऊपर बैठो, उल्हासभाई. चाय भेजता हूँ. एक आपके जैसे और भी बैठे हैं."

उल्हासराव जिना चढले, दार उघडलं. आत गाडीच्या जुन्या सीटवर, पायजम्यात, मांडीवर भेळेचा कागद घेऊन सुरेश पाठारे बसला होता. शेजारी ती मोठी बॅग. बॅगेवर मंडळाची शाल.

उल्हासरावांनी मागे दार लोटून घेतलं.

"विमान चुकलं?" उल्हासरावांनी विचारलं.

"कोर्टाला सुट्टी?" सुरेशनं विचारलं.

मग सुरेशच आधी मोकळा झाला. पत्र आलं त्याच दुपारी त्यानं फॉर्म भरला होता. पहिलाच प्रश्न: सध्या या काउंटीत, म्हणजे तिथल्या जिल्ह्यात, राहता का? नाही. झालं. चार मिनिटांत उत्तर आलं, येण्याची गरज नाही. खलास.

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगणार कधी, दादा? संध्याकाळी सगळे धीर द्यायला आले. वहिनींची खिचडी आली. विघ्नेशनं पेढे वाटले. मृणालिनी म्हणाली, आता नाही म्हणालास तर पेढे परत मागतील. बॅग तिनंच भरून दिली." त्यानं बॅगेकडे बोट दाखवलं. "बदाम इथल्याच दुकानातून घेतलेत. आहेत मात्र कॅलिफोर्नियाचे."

"आणि ती रडत होती ती?"

"हसू दाबत होती."

उल्हासराव दुसऱ्या सीटवर बसले. टाय सैल केला. तिखटमीठ लावून सगळीकडे सांगत सुटलो ते आपणच, हे त्यांच्या लक्षात आलं. आपण ते नऊ फोन केले नसते तर हा माणूस साधा प्रोजेक्ट मॅनेजरच राहिला असता.

"खरं सांगू?" सुरेश भेळ पुढे करत म्हणाला. "तुमचं बोलावणं ऐकल्यापासून डोक्यात एकच चाललं होतं. माझं चार मिनिटांत रद्द, आणि यांना खरंखुरं. कोर्टात बसणार, न्याय देणार. दादा, मला फार हेवा वाटला हो तुमचा."

त्या एका वाक्याकरता उल्हासराव पायी शारजाला आले असते. त्यांनी ते वाक्य सावकाश, चिंचेच्या चटणीसारखं चाटून घेतलं. खोलीतला एसी एकदम जास्त गार वारा टाकायला लागला.

"परत म्हण," ते म्हणाले.

"काय?"

"तो हेव्याचा भाग."

सुरेशनं परत म्हटलं. तेव्हा कुठे उल्हासरावांना बोलणी सुचली. सुरेशचं विमान उडालं नाही हे त्यांनी सांगायचं नाही. त्यांचं कोर्ट भरलं नाही हे सुरेशनं सांगायचं नाही. आणि परीक्षकाची जागा उल्हासरावांची. सुरेशनं मीटिंगमध्ये उठून म्हणायचं की दादांचा अनुभव मोठा.

"एवढंच ना? घ्या की," सुरेश म्हणाला. इतक्या सहज, की उल्हासरावांना वाटलं आपण कुठेतरी फसलो.

आठवडाभर दोघं तिथे पत्ते खेळले. शुक्रवारी एक कोथिंबीर घेऊन घरी गेला, रविवारी दुसरा बदाम घेऊन. मीटिंगमध्ये सुरेश उठला, म्हणायचं ते म्हणाला, टाळ्या पडल्या. एकोणीस वर्षांचं विसावं वर्ष झालं.

गणपती बसले. उल्हासराव पॅड आणि पेन्सिल घेऊन निघाले. पहिली आठ घरं झाली: मखर, मोर, नेहमीचा चंद्र. आणि नववं घर पाठाऱ्यांचं.

परीक्षक नसल्यामुळे सुरेशला यंदा स्पर्धेत उतरता आलं होतं. त्यानं अख्खं कोर्ट मांडलं होतं. मधोमध उंच आसनावर गणपती. डाव्या हाताला दोन रांगांत बारा उंदीर, प्रत्येकाच्या छातीवर नंबराची चिकटपट्टी. एक पेंगत होता, एक लपून मोदक खात होता, एक पुस्तक वाचत होता. समोर पिंजऱ्यात आरोपी म्हणून एक गुबगुबीत मांजर, आणि मांजराचा वकील दुसरं मांजर. पोरं जमिनीवर लोळून हसत होती. विघ्नेशचे वडील तर खाली बसले ते उठेनातच.

उल्हासरावांनी खोट काढायला चष्मा पुसला. वाकले, गुडघ्यावर बसले, आडवे झाले. उंदरांचे कान मोजले, मिशा ओढून पाहिल्या. वीस मिनिटं झाली. कुठे काही सापडेना. पाठीमागे सगळं कंपाउंड श्वास रोखून उभं.

पाठाऱ्यांना मागे टाकायचं तर एका नंबराचं काम होतं. पॅडवर कुणाचंही नाव लिहिलं असतं तरी कुणी जाब विचारणार नव्हतं. पण एकोणीस वर्षांत त्यांच्या निकालावर कुणी बोट ठेवलं नव्हतं, आणि त्यांच्यापाशी दुसरं होतं तरी काय? पेन्सिलीनं खरं तेच लिहिलं.

"पहिला क्रमांक, पाठारे."

टाळ्यांचा असा कडकडाट झाला की शेजारच्या व्हिलातलं इजिप्शियन कुटुंब बाहेर आलं. पोरांनी सुरेशला खांद्यावर घेतलं. मृणालिनीला बायकांनी मिठ्या मारल्या. कुणी मोदक भरवत होतं, कुणी व्हिडिओ काढत होतं. आणि परीक्षक कोपऱ्यात, पॅड छातीशी धरून, एकटे. वीस वर्षांत कुणी परीक्षकाला खांद्यावर घेतलं नव्हतं. परीक्षकाकरता कधी टाळी वाजत नाही, हे त्यांच्या आजच ध्यानात आलं. पोटात ती ओळखीची जळजळ पुन्हा पेटली.

त्यांनी विघ्नेशला बाजूला घेतलं. "पुढच्या वर्षी परीक्षक दुसरा बघा."

"का हो काका? तुमची तब्येत?"

"मी आरास मांडणार आहे."

मग गर्दीतून वाट काढत ते सुरेशपाशी गेले आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "सुरेश, त्या उंदरांच्या शेपट्या कसल्या रे केल्यास?"

"चार्जरच्या जुन्या वायरी, दादा. हव्या तशा वळतात."

हे आपल्याला का सुचलं नाही! उल्हासराव तडक घरी आले आणि भिंतीतून दिसेल तो चार्जर ओढायला लागले.

आतल्या खोलीतून अनन्या किंचाळली, "बाबा! माय फोन वॉज ॲट फोर परसेंट!"