इंजिनवाल्याचे चार सेकंद

कप्तानाने बायकोशी अबोला धरला त्याला अकरा महिने झाले होते. अगदीच तोंड बंद होतं असं नाही. "किल्ली कुठाय", "गॅस संपलाय" इतपत चालायचं. पण बावीस वर्षं मालवाहू विमानं चालवलेल्या माणसाजवळ सांगण्यासारखं जे काही असतं, ते त्याने पार कुलूपबंद करून टाकलं होतं. आणि हे सगळं एका कपभर चहावरून.

त्या सकाळी तो टेबलापाशी बसला होता आणि त्याच्या हातातला कप हळूहळू कलंडत गेला. गरम चहा मांडीवर सांडला, तरी हा आपला समोरच्या भिंतीकडे बघतोय. बायकोने दोनदा हाक मारली. मग एकदम तो म्हणाला, "आज साखर कमी पडली का गं?" आणि खाली बघून दचकला. मधलं काहीच त्याच्या गावी नव्हतं. पुढच्या आठवड्यात त्याची वार्षिक तपासणी होती. बायको सोबत गेली आणि तो शर्टाची बटणं लावत असताना तिने डॉक्टरांना हे सांगून टाकलं. डॉक्टरांनी खिशाला लावलेलं पेन पुन्हा काढलं. त्या दिवसापासून कप्तान जमिनीवर आला तो आलाच.

"तुला कोणी विचारलं होतं?" घरी आल्यावर तो म्हणाला.

"अहो, तुमच्या शेजारी एक माणूस बसतो. आणि खाली लोकांची घरं असतात."

हे खरं होतं, आणि म्हणूनच त्याला ते सहन झालं नाही.

उडता न येणारा वैमानिक घरात ठेवायचा म्हणजे काय असतं, ते तिलाच विचारावं. दर रविवारी तो गणवेशाचे चारही शर्ट इस्त्री करायचा. घातलेले नसायचे, तरी करायचा. वरून विमान गेलं की जेवता जेवता घास हातात धरून आवाज ऐकत बसायचा. एकदा न्हाणीघरात नळ सोडून तो रडला. नळ सोडला की बाहेर ऐकू येत नाही, अशी त्याची समजूत होती.

आणि मग त्याला कळलं की ग्लायडरला इंजिन नसतं, आणि ग्लायडर चालवायला डॉक्टरचा कागदही लागत नाही. आधीचा परवाना असलेल्याला लेखी परीक्षासुद्धा माफ. थोडी उड्डाणं शिकवणाऱ्यासोबत, थोडी एकट्याने, शेवटी परीक्षकासमोर एक चाचणी, की झालं. फक्त अर्जावर एक ओळ होती: उड्डाणाला बाधा येईल असा कोणताही आजार मला असल्याचं माझ्या माहितीत नाही. त्याखाली सही. कप्तानाने पेन टेकवलं आणि स्वतःला समजावलं की इतक्या महिन्यांत पुन्हा काही झालेलं नाही, निदान आपल्या माहितीत तरी नाही. आता माहितीत नसणं हाच मुळी त्याचा आजार होता, पण बुडत्या माणसाला एवढं बारीक वाचायला फुरसत नसते. त्याने सही ठोकली.

क्लब म्हणजे गवताचं लांबट मैदान, एक पत्र्याची शेड आणि शिकवायला एक बाई. पासष्टीच्या पुढच्या, आवाज मात्र मैदानाच्या त्या टोकाला पोचेल असा. त्यांनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव 'इंजिन' ठेवलं.

"इंजिन, तुमचे पाय झोपलेत! इथे पायांनी पण चालवायचं असतं. धागा बघा, धागा!"

काचेवर बाहेरून लोकरीचा लाल धागा चिकटवलेला असतो. ग्लायडर सरळ जात असेल तर धागा सरळ, तिरकं जात असेल तर धागा तिरका. हजारो तास उडालेला कप्तान वीतभर लोकरीपुढे घामाघूम व्हायचा. त्याहून मोठी पंचाईत डाव्या हाताची. जरा उंची कमी झाली की तो हात आपोआप थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर वाढवायचा दांडा, शोधत पुढे जायचा. तिथे थ्रॉटल कुठला असायला!

"सगळे इंजिनवाले असंच करतात," बाई म्हणायच्या. "चाचपडू दे त्याला. महिनाभराने कळेल त्याला, की काही नाहीये."

पण तो सुधारला. एकट्याने उडाला. त्या संध्याकाळी घरी आल्यावर अबोला विसरून, म्हणजे विसरल्यासारखं करून, तो बायकोला म्हणाला, "पास झालो की मागच्या सीटवर पहिली तू बसायचंस. माझ्या डोक्यात बिघाड आहे म्हणतेस ना? मग बस मागे, आणि बघ."

माळ्यावरचा डबा काढायला स्टुलावर चढली तरी हिचे पाय लटपटतात. ती डाळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "बसेन."

चाचणीच्या दिवशी हवा अगदी शांत होती. पुढे ओढणारं छोटं विमान, मग दोर, मग ग्लायडर. कप्तान पुढच्या सीटवर, परीक्षक मागे. चढताना दोनशे फुटांवर पोचलं की शिकाऊने मोठ्याने "दोनशे" म्हणायचं असतं. त्याच्या आत दोर तुटला तर सरळ समोर उतरायचं, त्याच्या वर तुटला तर नाक खाली दाबून लगेच मागे वळायचं. परीक्षक कधीतरी मुद्दाम दोर सोडणार, हेही ठरलेलंच.

"दोनशे," कप्तान म्हणाला. धागा सरळ होता. पुढच्या विमानाची शेपटी बरोबर समोर होती.

आणि मग धागा एकदम तिरका होता. मधे काहीच नव्हतं. विमान समोर नव्हतं, ते दूर डावीकडे निघून चाललं होतं. दोर नव्हता. वेगाचा काटा खाली पडला होता, आणि दोर सुटताना पायाखाली जो दणदणीत खट् आवाज होतो, तो त्याने ऐकलेलाच नव्हता.

"कप्तान?" मागून आवाज आला.

बाकीचं बावीस वर्षांच्या सवयीने केलं. नाक खाली, वळण, मैदान समोर, चाक गवतावर. उतरणं इतकं सुरेख झालं की बाईंनी लांबून टाळ्या वाजवल्या. कप्तान मात्र पट्टे न सोडता धाग्याकडे बघत बसला होता.

परीक्षक हसतच उतरला. "थ्रॉटल शोधत होतात ना? चार सेकंद! मी मोजले. आणखी एक गेला असता तर मी दांडा हातात घेतला असता. पण तुम्हा इंजिनवाल्यांचं नेहमीचंच आहे. बाकी उत्तम. या, कागद करू."

"हो," कप्तान म्हणाला. "थ्रॉटलच."

इतकं सोपं होतं ते. त्याने सही केली, हस्तांदोलन केलं, बाईंनी पाठीत धपका घातला. खिशातला कागद त्याला छातीशी जाणवत राहिला. आपण खोटारडे आहोत, हे त्याला लख्ख कळत होतं, आणि तरीही तो कागद कोणी मागितला असता तर त्याने दिला नसता.

अकरा वाजता बायको आली. डोक्याला रुमाल घट्ट बांधलेला, पायांत बूट, चेहरा पांढराफटक. बाईंनी तिला मागे बसवलं, पट्टे आवळले. कप्तान पुढे बसला. काच बंद झाली. दोर लागला. बाई पंखाचं टोक उचलून उभ्या राहिल्या. आता कप्तानाने अंगठा वर केला की निघायचं.

मागून तिला त्याचं डोकंच तेवढं दिसत असणार.

"अहो," ती हळूच म्हणाली. "चुकलं माझं. त्या दिवशी मी डॉक्टरांना सांगायला नको होतं."

अकरा महिने त्याला हेच ऐकायचं होतं. आणि आता ते त्याला ऐकवेना. जगात एकच माणूस त्याच्याबद्दल खरं बोललं होतं, आणि त्याने छळून छळून त्या माणसाकडूनही खोटं वदवून घेतलं होतं.

अंगठा वर गेला नाही. त्याने दोर सोडायची समोरची पिवळी मूठ ओढली. खट् असा दणदणीत आवाज झाला आणि दोर गवतात पडला.

"काय झालं, इंजिन?" बाहेरून बाई ओरडल्या. "थ्रॉटल सापडेना का?"

"सकाळी परत झालं," तो म्हणाला. मागे वळून बघायची त्याला हिंमत होईना. "वर असताना. चार सेकंद गेले माझे. कोणाला कळलं नाही."

मागे पट्ट्याचा खटका उघडल्याचा आवाज आला.

"चहाच्या वेळी सात होते," ती म्हणाली. "मी मोजले होते." मग तिचा आवाज फुटला. "आता डॉक्टरांकडे परत मलाच सांगायला लावू नका हो."

"नाही," तो म्हणाला. "या वेळी मी सांगतो. तू नुसती सोबत चल."