चटईखालचे तिघे

सोमवारी उजाडता उजाडता सासूबाईंनी पडद्याची दोरी ओढली आणि तशाच उभ्या राहिल्या. मी चूल फुंकत होते.

"सिएनी, तुझी माणसं आलीत," त्या म्हणाल्या.

आमच्या घराला भिंती नाहीत. खांब आहेत आणि झावळ्यांचे पडदे. पडदा वर गेला की अंगण घरातच आलं म्हणायचं. अंगणात माझ्या धाकट्या दिराची, योआसाची कबर. तिच्यावर सिमेंट घालायचं अजून राहिलं होतं, फुलांचे हार काळे पडले होते. कबरीच्या अलीकडे खडीवर तीन माणसं गुडघे टेकून वाकली होती. तिघांच्याही अंगावर डोक्यापासून बारीक विणीच्या चटया होत्या. मागे माझ्या माहेरच्या गावचे दहाबारा पुरुष उघड्या अंगाने, माना खाली घालून बसले होते. पुढ्यात दगड आणि जळणाची मोळी. भट्टीचं सामान. आम्ही अपराधी आहोत, वाटलं तर आम्हालाच भाजून खा, असा त्याचा अर्थ.

आमच्या बेटांवर याला इफोगा म्हणतात. मेलेल्याच्या घरच्यांनी चटई उचलली तर माफ केलं. कोणी कोयता घेऊन धावलं तर चटईखालच्याने उठायचं नाही, हात वर करायचा नाही.

योआसाला माझ्या भावाने मारलं होतं. पेनीने. शनिवारी क्रिकेटचा सामना झाला, पेनी बियर पिऊन मामाचा ट्रक घेऊन निघाला आणि आमच्या वळणावर बॅट खांद्यावर टाकून चाललेल्या योआसाला त्याने उडवलं. पोरगा चर्चच्या पायरीपर्यंत फेकला गेला. पेनी पळाला नाही, एवढंच त्याच्या बाजूने सांगता येईल. पोलीस येईपर्यंत तो योआसाचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. मग त्याला बोटीतून पलीकडच्या उपोलू बेटावर नेलं, कोठडीत. त्याला त्या सोमवारी नऊ दिवस झाले होते.

मी या घरात लग्न होऊन आले तेव्हा माझ्याशी पहिल्यांदा हसून बोलला तो योआसा. परगावच्या सुनेला आमच्याकडे कोण विचारतो? भांडी घास, पाणी आण, मोठ्यांच्या पुढून वाकून जा. योआसा माझी पाण्याची बादली हिसकावून घ्यायचा आणि म्हणायचा, "वहिनी, तू अशी चालतेस की विहिरीपासून घरापर्यंत निम्मं पाणी रस्त्यालाच पाजतेस." त्याच्यासाठी मी त्या आठवड्यात किती रडले ते कोणी पाहिलं नाही. माझं रडणं या घरात खोटं ठरलं असतं.

माझे सासरे कुळाचे प्रमुख. त्यांची पदवी लेफाऊ, घरातलेही त्यांना त्याच नावाने बोलावतात. ते उठून बसले, अंगणाकडे पाहिलं, पंखा हातात घेतला आणि खांबाला टेकले.

माझा नवरा सेमिसी मात्र मागच्या बाजूने आला तो कोयता घेऊनच.

"मधला तुझा बाप ना?" त्याने मला विचारलं.

मी मान हलवली. बापाची पाठ मी कुठेही ओळखेन. डावा खांदा त्याचा झुकलेला आहे, माडावरून पडला होता तेव्हापासून.

"बाजूचे दोघे?"

"काका असतील."

"म्हातारे पाठवलेत," सेमिसी म्हणाला. "हुशार आहेत. म्हाताऱ्यावर हात कोण टाकणार? तो पेनी असता ना तिथे, देवाशपथ सांगतो, उठूच दिला नसता."

"कोयता खाली ठेव," लेफाऊ म्हणाले.

"का? त्यांना बघू दे."

"त्यांना दिसत नाहीये. चटईखाली आहेत ते. तू गावाला दाखवतोयस."

सेमिसीने कोयता खाली ठेवला, पण हाताशीच.

ऊन चढलं. समुद्र ओहोटीला लागला होता, खडकांच्या कडेला पांढरी रेघ तेवढी उरली होती. रस्त्यावर गावकरी जमले. पाओपाओ होडी चालवणारा म्हातारा, शाळेला निघालेली पोरं, सगळे गप्प. फक्त शेजारची फाआसाओ आत्या कुंपणावरून मोठ्याने म्हणाली, "बसू दे, बसू दे! दुपारपर्यंत सुकट होईल त्यांची!" कोणी हसलं नाही. त्यांना पाणी द्यायचं नसतं. मी पाण्याच्या मडक्याकडे पाठ करून बसले होते.

तेवढ्यात समुद्रावरून वाऱ्याचा झोत आला आणि डाव्या बाजूच्या चटईची कड उलटली. पाऊल दिसलं. टाचेपासून घोट्यापर्यंत गेलेला तिरपा, पांढरा व्रण. प्रवाळावर कापलं होतं ते. आठ वर्षांचा होता, मीच त्याला पाठीवर घेऊन घरी आणला होता.

तो पेनी होता.

कोठडीतून सुटला कधी? जामिनावर असेल. आणि बापाने त्याला इथे आणला? की तो स्वतःच आला? सेमिसीची नजर त्या वेळी कबरीकडे होती. कड पुन्हा खाली पडली. मी एकटीनेच पाहिलं होतं.

गप्प राहिले असते तर? लेफाऊंनी दुपारपर्यंत चटया उचलल्या असत्या, त्यांचा चेहरा तसंच सांगत होता. पण चटई उचलल्यावर खाली पेनी निघाला असता, आणि कोयता सेमिसीच्या हातापासून वीतभर. आणि सांगितलं असतं तर? तर मीच त्याला मारला असं झालं असतं.

मी सासूबाईंजवळ सरकले. त्या सकाळपासून एका जागी बसून होत्या, मांडीवर योआसाचा चर्चचा पांढरा सदरा.

"आई," मी त्यांच्या कानाशी म्हणाले, "डावीकडचा पेनी आहे."

त्या माझ्याकडे वळल्यासुद्धा नाहीत.

"तू मला का सांगितलंस?"

"तुम्ही काका समजून माफ केलं असतं तर ती माफी खरी झाली नसती. नंतर कळलं असतं तर तुम्हाला वाटलं असतं, सुनेने फसवलं."

"आणि आता मी सेमिसीला हाक मारली तर?"

मी म्हणाले, "तुमचा पोरगा गेलाय. हाक मारायची तर तुम्हीच मारायची."

सासूबाई उठल्या. गुडघे धरले होते, खांबाचा आधार घेतला. जाता जाता वाकून त्यांनी सेमिसीजवळचा कोयता उचलला आणि अंगणात उतरल्या. रस्त्यावरची माणसं मागे सरकली. लेफाऊंचा पंखा थांबला, पण ते उठले नाहीत. मी उठले होते, ते सेमिसीने मनगट धरलं तेव्हा कळलं.

त्या माझ्या बापासमोरून गेल्या. डावीकडच्या चटईसमोर थांबल्या.

त्यांना त्याचं तोंड पाहायचं होतं, हे मला इथून दिसत होतं. पण चटईला हात लावला की माफ केलं असं होतं. एकदा त्यांनी हात पुढे केला आणि मागे घेतला. मग त्या खडीवर बसल्या, त्याच्यासमोर, कोयता मांडीवर आडवा.

"बोल," त्या म्हणाल्या. "माझं पोरगं शेवटी काय बोललं?"

त्यांनी कोयत्याची मूठ खडीवर आपटली.

"तुझ्या मांडीवर गेला ना तो? मग तुलाच माहीत. बोल."

"पाणी मागितलं," पेनी म्हणाला.

सेमिसीने आवाज ओळखला. माझं मनगट सुटलं आणि तो धावला. रस्त्यावरून कोणीतरी बाई किंचाळली. माझा बाप हललाही नाही. सेमिसी पोचला तेव्हा सासूबाईंनी वर न बघता कोयता त्याच्या आडवा धरला, पातं त्याच्याकडे करून.

"मी विचारतेय," त्या म्हणाल्या. "माझं झालं की तू."

तो तिथेच उभा राहिला, मुठी आवळून, धापा टाकत.

"मग? पाणी दिलंस?"

"नव्हतं. ट्रकमध्ये बियर होती. मी... ती दिली नाही. मग तो म्हणाला, आईला सांगू नका मी रस्त्याच्या मधून चालत होतो, ओरडेल."

सासूबाईंच्या तोंडून एक आवाज निघाला. हसू होतं की काय होतं, मला आजही सांगता येणार नाही. योआसाला त्या वळणावर मधून चालू नकोस म्हणून त्या रोज ओरडायच्या. ही गोष्ट परगावच्या पेनीला माहीत असणं शक्यच नव्हतं.

त्या बसून राहिल्या. आम्ही सगळे बसून राहिलो. ऊन डोक्यावर आलं, काळी खडी इतकी तापली की तिच्यावर पाय ठेववत नव्हता, आणि पेनीचे गुडघे तिच्यावरच होते. सासूबाईंचेही. सेमिसी आधी उभा होता, मग कबरीच्या कडेला बसला आणि दोन्ही हातांत तोंड धरून रडायला लागला. आठवडाभरात पहिल्यांदा.

शेवटी सासूबाईंनी कोयता बाजूला ठेवला आणि चटईची कड धरली.

"माफ केलं असं मी म्हणत नाही," त्या म्हणाल्या. "ऊन फार झालंय."

आणि चटई उचलली. मग लेफाऊ खाली उतरले आणि त्यांनी माझ्या बापाची आणि काकांची चटई काढली. भाषणं झाली, रीतीप्रमाणे लांबलचक. त्यातला एक शब्दही माझ्या कानात शिरला नाही. लेफाऊंनी खूण केल्यावर मी पाणी घेऊन गेले. बापाने नारळाची करवंटी दोन्ही हातांनी घेतली आणि माझ्याकडे पाहिलं नाही. ते बरोबरच होतं. त्या अंगणात मी दुसऱ्या घरची होते.

पेनीला कोर्टाने सोडलं नाही, इफोगा झाला म्हणून शिक्षा थोडी कमी केली. सेमिसी माझ्याशी पुढे कित्येक महिने कामापुरतंच बोलायचा. एकदा जेवताना त्याने विचारलं, "तू आधी मला का नाही सांगितलंस?" मी म्हणाले, "तू त्याला मारला असतास." तो म्हणाला, "हो," आणि उकडलेल्या तारोच्या कंदाचा पुढचा घास घेतला.

सुटून आल्यावर पेनी बापाच्या मळ्यात काम करतो. बाजाराला जायचा रस्ता आमच्या दारावरून आहे, पण तो तिथून जात नाही. मागच्या तारोच्या शेतातल्या चिखलातून, डोक्यावर टोपली घेऊन, लांबचा वळसा घालतो. परवा सासूबाई पडदा वर करून त्या बाजूला बघत होत्या.

"तुझ्या भावाला सांग," त्या म्हणाल्या, "रस्ता कोणाच्या बापाचा नाही."

मी सांगितलं. तो अजून चिखलातूनच जातो.