अक्षरशत्रू दुभाष्या

मित्रांनो, मी एक जुना दुभाष्या आहे. मला तोंड नाही की हातपाय नाहीत. संगणकात राहणारा मी एक छोटासा प्रोग्राम. संगणकाशी बोलायच्या भाषा पुष्कळ आहेत. त्यांतल्या पायथॉन आणि आर या दोघी एकाच पानावर शेजारी बसतात, पण एकीचे बोलणे दुसरीला कळत नाही. ते समजावून सांगायचे, हे माझे काम. कुठल्याकुठल्या अनोळखी माणसांनी आपापल्या घरी बसून, हौसेने मला घडवले.

माझी उमेदीची वर्षे बर्मिंगहॅमच्या एका हॉस्पिटलात गेली. तिथे एफ्राईमकाका आकडेमोड पाहत. ते मूळचे मुंबईचे, घरात मराठी बोलणारे ज्यू. किडनी निकामी झालेल्या माणसांचे रक्त यंत्राने शुद्ध करतात, त्याला डायलिसिस म्हणतात. त्याची पाळी चुकली तर माणसाचे पुढे काय होते, याचे गणित काकांनी आरमध्ये मांडले होते. रुग्णांच्या नोंदी मात्र पायथॉनमधून येत. काका मला ‘शहाणा’ म्हणत आणि खरे सांगतो, मला ते फार आवडे.

मग काका निवृत्त झाले, आजारी पडले आणि लेकीकडे लंडनमधल्या ईलिंगला राहायला गेले. त्यांच्या जागी मालविका आली. ती इथेच जन्मलेली. रविवारच्या मराठी वर्गात काकांनीच तिला अक्षरे गिरवायला शिकवली होती.

त्याच सुमारास हॉस्पिटलने संध्याकाळचे डायलिसिस बंद करायचा घाट घातला. तिथल्या एक रुग्ण, नीनाताई, दिवसभर बस चालवत, त्यांना संध्याकाळचीच वेळ जमे. ती गेली, की नोकरी तरी सोडायची नाहीतर पाळ्या तरी चुकवायच्या. नव्या नोंदी काकांच्या गणितात घातल्या, की पाळ्या चुकण्यातला धोका सगळ्यांना दिसणार होता. निर्णयाच्या दिवशी दुपारी मीटिंग होती आणि मालविकाच्या हाती नेमका नवाकोरा लॅपटॉप आला होता.

तिने आरसाठी नवे फोल्डर केले आणि प्रेमाने त्याला नाव दिले, ‘एफ्राईमकाका’. तेही देवनागरीत! मी आरचे घर शोधायला निघालो आणि वाटेतच अडलो. मला इंग्रजी अक्षरे तेवढी वाचता येत. देवनागरीपुढे मी ठार अक्षरशत्रू. मी प्रामाणिकपणे कळवले, की आर सापडत नाही. खाली शेवटच्या ओळीत पत्ताही लिहिला. जी अक्षरे वाचता आली नाहीत, तिथे प्रश्नचिन्हे काढली.

मालविकाने पहिली ओळ वाचली आणि मला उपटून फेकले. पुन्हा बसवले. मग माझी जुनी आवृत्ती आणली, मग पायथॉनच बदलला. मी दर वेळी तेच कळवत होतो आणि ती दर वेळी पहिलीच ओळ वाचत होती. “स्टुपिड थिंग!” ती ओरडली. माझ्या जिवाला फार लागले ते. अखेर तिने काकांना फोन लावला. मला ती ‘ब्रिज’ म्हणे, दोन भाषांमधला पूल.

“काका, तो ब्रिज चालतच नाही. मी सगळा रीइन्स्टॉल केला.”

“एररची शेवटची ओळ वाच. मोठ्याने.” एवढे बोलूनही काकांना दम लागला.

“सी ड्राइव्ह, मग क्वेश्चन मार्क, क्वेश्चन मार्क... इट्स जस्ट रबिश, काका.”

“फोल्डरला नाव काय दिलंस?”

मालविका ओशाळली. “तुमचा. मराठीत.”

काका हसले, हसता हसता खोकले. “अगं, त्याला कुठली देवनागरी वाचता यायला! इंग्रजीत दे काहीतरी.”

“पण मग तुमचा नाव काढायला लागेल.”

पलीकडचा खोकला थांबला. मग काका म्हणाले, “काढ, पोरी. माझं नाव काढ.”

“ओके,” म्हणत तिने ते काढून टाकले आणि साध्या इंग्रजी नावाच्या फोल्डरमध्ये आरला पुन्हा बसवले. या वेळी मला पत्ता लागला. पायथॉनकडच्या नोंदी मी आरच्या पदरात टाकल्या आणि गणित सुटले. पाळ्या चुकलेली कितीतरी माणसे तातडीच्या विभागात येऊन पडत होती. मालविकाने ते मीटिंगमध्ये मांडले. संध्याकाळचे डायलिसिस बंद झाले नाही. नीनाताईंची बसही सुटली नाही.

त्या हिवाळ्यात एफ्राईमकाका गेले. दफनविधीहून परतल्यावर मालविकाची आई, मधुमती, तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, “काकांचं नाव काढलंस हो.”

“हो, त्यांनीच सांगितला होता,” मालविका म्हणाली. “फोल्डरचा.”

आईला आधी काही कळेना, तेव्हा मालविकाने फोनवरचे सगळे बोलणे सांगितले. मग तिने लेकीला शेजारी बसवून घेतले आणि मराठीत नाव काढणे म्हणजे काय, ते सांगितले. मालविका ऐकत राहिली. नंतर ती ओंजळीत तोंड लपवून खूप रडली.

मित्रांनो, मी आता म्हातारा झालो. माझ्यानंतर आलेल्यांना देवनागरी वाचता येते म्हणे, चांगलेच आहे. तुमचेही काही अडेल, तेव्हा माझ्यासारख्याला उपटून फेकण्याआधी त्याचे म्हणणे शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. आणि माणसांचे बोलणेही असेच पुरते ऐकून घ्या. नाही समजले तर लगेच विचारा, सांगणारा आहे तोवर.